आडवाटेचे बँड शोधायचे कसे? आधी त्यांच्या भोवतालची माणसं शोधा

"काहीतरी वेगळं ऐकायचंय, दहा बँडची नावं सांग ना," अशी विचारणा माझ्याकडे नेहमी होते. नावं देणं सोपं आहे. पण दहा नावांची यादी आठवड्याभरात ऐकून संपते आणि माणूस होता तिथेच परत येतो. म्हणून इथे यादीऐवजी शोधायची रीत सांगतो. नावं ओघात भरपूर येतील.

रीत अशी आहे. कुठलाही बँड एकट्यानं रेकॉर्ड काढत नाही. कोणीतरी ध्वनिमुद्रण केलेलं असतं, कोणीतरी पदरचे पैसे घातलेले असतात, कोणीतरी पहिल्यांदा स्टेज दिलेलं असतं, कोणीतरी कव्हर काढून दिलेलं असतं. हीच माणसं त्याच काळात, त्याच गावात आणखी चार बँडसाठी तेच करत असतात. ती माणसं हाताला लागली की ते चार बँडही लागतात, आणि त्यातला प्रत्येक बँड पुढची चार दारं उघडतो.

अशा बँडना इंडी, म्हणजे इंडिपेंडंट, म्हणतात. पण इंडी म्हणायचं कोणाला, यावर वाद घालण्यात फार वेळ घालवू नका. मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून दुकानात येणाऱ्या रेकॉर्डची वेगळी विक्रीयादी ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून निघू लागली. त्या यादीत कोण बसणार हे रेकॉर्ड कोणत्या वाटेनं आली यावर ठरायचं. गाणं कसं वाजतं याचा संबंध नव्हता. मीही इथे तोच सैल अर्थ धरतो: छोट्या लेबलवर (लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी) किंवा स्वतःच्या हिमतीवर काम करणारे बँड, मग ते पॉप वाजवोत की गोंगाट.

पायरी पहिली: ॲप ऐकायला ठेवा, शोधायला नको

गाण्यांच्या ॲपमधली शिफारस "ज्यांनी हे ऐकलं त्यांनी तेही ऐकलं" या हिशोबावर बरीचशी अवलंबून असते. ज्या बँडला मूठभर श्रोते आहेत, त्याचा हिशोब मांडायला आकडेच पुरेसे नसतात. त्यामुळे शिफारस फिरून फिरून त्याच मोठ्या नावांवर येते. तुम्ही एका अनोळखी बँडवरून सुरुवात करा, चार उड्यांत तुम्ही पुन्हा सगळ्यांना माहीत असलेल्या नावावर पोहोचता. ॲप जरूर ठेवा, पण नाव आधी दुसरीकडून मिळवा आणि मग तिथे जाऊन ऐका.

पायरी दुसरी: एकच बँड घ्या आणि त्याच्या मागची नावं वाचा

सुरुवातीला एकच बँड निवडा, जो तुम्हाला मनापासून आवडतो. 'इंडी रॉक' असं शोधून हजारो नावांच्या समुद्रात उडी मारू नका. बँड फार मोठा नसलेला बरा, कारण मोठ्या बँडभोवती व्यावसायिक मंडळी जास्त आणि दोस्तमंडळी कमी असतात.

मी उदाहरणाला न्यूझीलंडचा 'द क्लीन' घेतो. माझ्या मते या रीतीचा याहून चांगला धडा दुसरा नाही.

डनीडिन हे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं, लाखभर वस्तीचं विद्यापीठाचं गाव. तिथे १९७८ मध्ये हेमिश आणि डेव्हिड किलगोर या भावांनी 'द क्लीन' सुरू केला. १९८१ मध्ये त्यांची पहिली एकल रेकॉर्ड 'टॅली हो' निघाली. अगदी किरकोळ खर्चात मुद्रित केलेली ही रेकॉर्ड देशाच्या विक्रीयादीत १९ व्या क्रमांकापर्यंत गेली. तिच्यात एक ऑर्गन वाजतो, जरासा खेळण्यातल्यासारखा, आणि सगळं गाणं तोच ओढून नेतो. आता डिस्कॉग्सवर जा. २००० साली सुरू झालेलं हे संकेतस्थळ म्हणजे जगभरच्या रेकॉर्डची नोंदवही आहे: कोणती आवृत्ती, कोणत्या वर्षी, कोणत्या लेबलवर, कोणी काय वाजवलं. प्रत्येक नावावर टिचकी मारता येते आणि त्या माणसाचं बाकीचं काम समोर येतं. हा ऑर्गन वाजवणारा कोण याचा माग काढला की नाव मिळतं मार्टिन फिलिप्स. त्याच्या नावावर गेलात की सापडतो 'द चिल्स', त्यानं १९८० मध्ये सुरू केलेला बँड. २०२४ मध्ये तो गेला तोवर हा बँड त्याच्यासोबत होता. एका वाद्यावरून एका आयुष्यभराच्या कामापर्यंत पोहोचलो आपण.

आता 'द क्लीन'च्या १९८१ च्याच पहिल्या ईपीचं, म्हणजे एकल रेकॉर्डपेक्षा मोठ्या पण अल्बमपेक्षा छोट्या रेकॉर्डचं, पान उघडा. मुद्रण कोणी केलं? क्रिस नॉक्स आणि डग हूड यांनी, नॉक्सच्या टीॲक कंपनीच्या चार ट्रॅकच्या (चार आवाज वेगवेगळे मुद्रित करता येणाऱ्या) टेप रेकॉर्डरवर. क्रिस नॉक्सवर टिचकी मारा. आधी 'टॉय लव्ह' हा बँड, मग अलेक बॅथगेटसोबतची 'टॉल ड्वार्फ्स' ही जोडी. घरात बसून, त्याच यंत्रावर, हाताला येईल ते वाजवून केलेलं त्यांचं संगीत आजही ताजं वाटतं. नॉक्सनं त्या यंत्रावर इतरांचंही मुद्रण करून दिलं, म्हणजे ते एक यंत्र हाच मोठा धागा झाला.

सदस्यांची नावं अजून बाकीच आहेत. बास वाजवणारा रॉबर्ट स्कॉट १९८२ मध्ये 'द बॅट्स' सुरू करतो. त्याच्या आधी बास वाजवणारा पीटर गटरिज 'द चिल्स'च्या सुरुवातीच्या दिवसांत दिसतो आणि पुढे 'स्नॅपर' काढतो, ज्यात ऑर्गन आणि गिटार एकाच सुरावर मिनिटं न् मिनिटं भणभणत राहतात. हेमिश किलगोर पुढे 'बेल्टर स्पेस'मध्ये आणि मग न्यूयॉर्कला 'द मॅड सीन'मध्ये. आपल्याकडे घराण्यांच्या कुलवृत्तांतात मागे वंशावळ जोडलेली असते ना, तसा हा कागद तयार होतो. मी खरोखर कागदावर काढतो. बाण काढत गेलं की कोण कोणाच्या बँडमध्ये कधी होतं हे ध्यानात राहतं, पडद्यावर वाचून राहत नाही.

एक व्यावहारिक अडचण इथेच येते. 'द क्लीन', 'द बॅट्स', 'द चिल्स' ही नावं नुसती शोधून भलतंच काहीतरी येतं. डनीडिनमध्ये तर 'द स्टोन्स' नावाचाही एक बँड होता, आता तो शोधून दाखवा. म्हणून नावासोबत गाव, लेबल आणि वर्ष टाका. तरी नाही सापडलं तर रेकॉर्डचा क्रमांक टाका. प्रत्येक लेबल आपल्या रेकॉर्डना क्रमांक देतं आणि तो सहसा दुसऱ्या कशाशी जुळत नाही.

पायरी तिसरी: लेबलची यादी क्रमानं वाचा

या सगळ्यांच्या मागे एक लेबल आहे, 'फ्लाइंग नन'. क्राइस्टचर्चच्या एका रेकॉर्ड दुकानात व्यवस्थापक असलेल्या रॉजर शेफर्डनं ते १९८१ मध्ये काढलं. पहिली रेकॉर्ड 'द पिन ग्रुप'ची, दुसरी 'टॅली हो'. दुसरीच रेकॉर्ड चालली आणि मग दक्षिण बेटावरच्या बँडना एक घर मिळालं.

छोट्या लेबलची यादी क्रमांकानं, पहिल्यापासून वाचायची. लोकप्रियतेनुसार लावलेली यादी वाचली की वरची पाच नावं दिसतात आणि तीच आधीपासून माहीत असतात. क्रमानं वाचलं की मधली दिसतात. 'फ्लाइंग नन'च्या यादीत मधेच 'लुक ब्लू गो पर्पल' सापडतो. डनीडिनच्या पाच बायकांचा हा बँड १९८३ ते १९८७ एवढाच टिकला आणि तीन ईपी मागे ठेवून गेला. गायिकांचे सूर एकमेकांत मिसळलेले, बासरी, की-बोर्ड, आणि खाली न थकता धावणारा ड्रम. मला विचाराल तर त्या गावातून निघालेलं सर्वांत सुंदर काम हेच. त्यातली डेनिस रॉघन पुढे 'द थ्री डीज'मध्ये गेली आणि ड्रमवाली लेस्ली पॅरिस पुढे 'फ्लाइंग नन'चंच काम पाहू लागली. बघा, नावं फिरून पुन्हा भेटतातच.

दुसरं लेबल सुचवतो: ब्रिस्टलचं 'सारा रेकॉर्ड्स'. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघांनी १९८७ मध्ये सुरू केलं, १९९५ मध्ये शंभरावा क्रमांक काढला आणि ठरवून बंद केलं. नवख्या माणसासाठी हे आदर्श आहे, कारण यादीला सुरुवात आहे आणि शेवटही. 'द सी अर्चिन्स'पासून सुरू करा, 'द फील्ड माइस' आणि 'हेवनली' वाटेत येतील. हळवी, स्वच्छ गिटारची गाणी आहेत. त्या काळच्या ब्रिटिश संगीतपत्रांतल्या काहींनी त्यांची टर उडवली होती. तिकडे लक्ष देऊ नका.

तिसरं, उत्तर कॅरोलायनातलं 'मर्ज'. 'सुपरचंक' या बँडच्या मॅक मॅकॉघन आणि लॉरा बॅलन्स यांनी १९८९ मध्ये काढलेलं. 'द क्लीन'चं जुनं काम अमेरिकेत नव्यानं पोहोचवलं ते यांनीच. आता गंमत पाहा. 'मर्ज'च्या यादीत 'ईस्ट रिव्हर पाइप' नावाचा एक एकांडा गायक आहे, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या घरात छोट्या यंत्रावर एकट्यानं मुद्रण करणारा. आणि तोच माणूस 'सारा रेकॉर्ड्स'च्या यादीतही आहे. अटलांटिकच्या दोन काठांवरच्या दोन लेबलना एकच माणूस आवडला. असा सांधा दिसला की तिथे थांबून नीट ऐका. ज्यांच्या कानावर तुमचा विश्वास आहे अशा दोन वेगळ्या लोकांनी निवडलेलं काम सहसा वाया जात नाही.

पायरी चौथी: अनेकांची मिळून निघालेली रेकॉर्ड शोधा

एका गावचे किंवा एका काळातले बँड एकत्र आणणारी संकलनं हे सर्वांत स्वस्त प्रवेशद्वार. १९८२ च्या 'डनीडिन डबल'मध्ये दोन तबकड्या होत्या आणि चार बँडना एकेक बाजू: 'द चिल्स', 'स्नीकी फीलिंग्ज', 'द स्टोन्स' आणि 'द व्हर्लेन्स'. ब्रिटनच्या 'एनएमई' साप्ताहिकानं १९८६ मध्ये टपालानं मागवायची एक कॅसेट काढली, 'सी ८६'. २२ बँड, प्रत्येकाचं एक गाणं. त्यातले दोन-चार पुढे नावारूपाला आले. मला जास्त रस वाटतो तो उरलेल्यांमध्ये. 'स्टम्प' किंवा 'बॉगशेड' ऐकून बघा, वाकडंतिकडं, अडखळत चालणारं संगीत. ते का विसरलं गेलं हे लगेच कळतं आणि कोणीतरी ते का जपून ठेवलं हेही कळतं.

एखाद्या कलाकाराला मानवंदना म्हणून इतरांनी त्याची गाणी गायलेली असतात, ती रेकॉर्डही अशीच उपयोगी. क्रिस नॉक्सला २००९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. त्याच्या मदतीसाठी निघालेल्या संकलनात न्यूझीलंडच्या मित्रांबरोबर अमेरिकेचे 'यो ला टेंगो' आणि 'लॅम्बचॉप' होते. ती यादी वाचली की नॉक्सचं ऋण कोणकोण मानतं हे एका पानावर कळतं, आणि पुढच्या महिन्याभराचं ऐकणंही ठरतं.

पायरी पाचवी: ज्याच्या कानावर भरवसा आहे असा माणूस धरा

बीबीसीच्या रेडिओ वनवर १९६७ पासून २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत जॉन पील गाणी लावत होता. त्याच्या कार्यक्रमासाठी चार हजारांहून जास्त खास मुद्रणं झाली, आणि त्यातल्या कित्येक बँडचं एवढंच चांगलं मुद्रण शिल्लक आहे. त्यानं कोणत्या रात्री काय लावलं याच्या याद्या चाहत्यांनी जपून ठेवल्या आहेत. एखादी रात्र निवडायची आणि ती यादी वरून खाली ऐकायची.

आज ते काम करणारी माणसं आहेत. सिॲटलचं केईएक्सपी, न्यू जर्सीचं डब्ल्यूएफएमयू, लंडनचं एनटीएस, ही सगळी रेडिओ केंद्रं फुकट ऐकता येतात. डनीडिनचं विद्यार्थ्यांचं स्टेशन 'रेडिओ वन' आणि ऑकलंडचं '९५ बीएफएम' तर घरबसल्या तिथल्या वसतिगृहात नेऊन बसवतात. केंद्र निवडण्यापेक्षा त्यावरचा एक निवेदक निवडा. त्याचे चार-पाच कार्यक्रम ऐका. तुमच्या आणि त्याच्या आवडीचा सांधा जुळला तर त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाची गाण्यांची यादी वाचत राहा, नाही जुळला तर दुसरा बघा.

जुन्या बँडसाठी छापील कागदही सोडू नका. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'पेपर्स पास्ट' या संग्रहात 'रिप इट अप' या १९७७ मध्ये सुरू झालेल्या संगीत मासिकाचे जुने अंक फुकट वाचायला मिळतात. लेखांपेक्षा जाहिराती वाचा. शुक्रवारी रात्री कोणत्या पबमध्ये कोणासोबत कोण वाजवणार, त्या तीन ओळींत मुख्य बँडच्या खाली बारीक अक्षरात जे नाव असतं, ते शोधायचं.

पायरी सहावी: आजच्या बँडसाठी बँडकॅम्प नीट वापरा

२००८ मध्ये सुरू झालेलं बँडकॅम्प हे आजच्या छोट्या बँडचं खरं दुकान. बहुतेक लोक तिथे दुवा उघडतात, एक गाणं ऐकतात आणि बाहेर पडतात. पान नीट पाहा. अल्बमच्या चित्राच्या आसपास छोट्या चौकटींची एक रांग दिसते. ती तो अल्बम विकत घेतलेल्या लोकांची. एखाद्या चौकटीवर टिचकी मारलीत की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. तुम्हाला प्रिय असलेला अनोळखी अल्बम ज्यानं पैसे मोजून घेतला, त्यानं आणखी काय घेतलं हे बघण्यासारखी दुसरी शिफारस नाही. अशी दोन-तीन माणसं सापडली की त्यांना फॉलो करा.

पानाच्या तळाशी खुणेचे शब्द असतात. त्यात शैली असते आणि बहुधा गावाचं नावही. शैलीवर टिचकी मारली तर पुन्हा समुद्र. गावाच्या नावावर मारा. डनीडिन, लीड्स, ओसाका किंवा पुणे. एका गावचं सध्या काय चाललंय ते समोर येतं, त्यात वाईटही खूप असतं, पण कोणाचा हात कोणाच्या कामात आहे हे लगेच दिसायला लागतं. मग अल्बमखालचा मजकूर वाचा: कुठे मुद्रित केलं, मिक्सिंग कोणी केलं, कव्हर कोणाचं. हीच दुसरी पायरी, फक्त आजच्या तारखेची.

जुन्या लेबलची आजची यादीही तपासा. 'फ्लाइंग नन' अजून चालू आहे. ऑल्डस हार्डिंग किंवा 'फेझरडेझ'चं काम तिथूनच न्यूझीलंडमध्ये आलं.

आपल्याकडचा माग

भारतात हे शोधणं जास्त अवघड आहे, कारण नोंदी विखुरलेल्या आहेत. पण धागे आहेत, आणि त्यातले बरेच मुंबई, पुणे आणि गोव्यातून जातात.

भूतकाळासाठी 'सिमला बीट' पासून सुरू करा. सिमला या सिगारेटच्या जाहिरातीसाठी इंपीरियल टोबॅकोनं बँडची अखिल भारतीय स्पर्धा भरवली आणि १९७० आणि १९७१ ची दोन संकलनं निघाली. शिलाँगपासून दक्षिणेपर्यंतचे महाविद्यालयीन बँड त्यात आहेत. मुंबईच्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट'चं सत्तरच्या दशकातलं काम लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन' या लेबलनं २०११ मध्ये पुन्हा काढलं. परदेशी लेबलनं आपल्याकडचं काय उकरून काढलंय हे पाहत राहा. शिकागोच्या 'न्यूमेरो ग्रुप'चीही यादी त्यासाठी चाळा.

गोव्यात रेमो फर्नांडिसनं १९८४ मध्ये शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर आपला अल्बम स्वतः मुद्रित केला, वाद्यं स्वतः वाजवली आणि कॅसेट दुकानोदुकानी स्वतः नेऊन दिल्या. पुढच्या हिंदी सिनेमातल्या प्रसिद्धीमुळे रेमोला कोणी इंडी म्हणत नाही. पण डनीडिनमध्ये जे चाललं होतं नेमकं तेच, त्याच सुमारास, शिवोलीत चाललं होतं. हा भाग आपल्या संगीताच्या इतिहासात ठळकपणे मांडला गेला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मुंबईसाठी जागांवरून शोधा. धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सव व्हायचा, १९८६ मध्ये सुरू झालेला. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडात २००७ ते २०१६ 'ब्लू फ्रॉग' हा संगीताच्या कार्यक्रमांचा क्लब होता. पुण्यात २०१० मध्ये 'एनएच ७ वीकेंडर' हा संगीत महोत्सव पहिल्यांदा भरला. या कार्यक्रमांची जुनी पोस्टरं आणि वेळापत्रकं जालावर ठिकठिकाणी सापडतात. त्यात दुपारी वाजवणाऱ्या बँडची नावं उतरवून घ्या, संध्याकाळच्यांची सगळ्यांना माहीत असतात. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादहून सुरू केलेल्या 'रॉक स्ट्रीट जर्नल' या रॉक संगीताच्या नियतकालिकाचे जुने अंक रद्दीत किंवा कोणाच्या माळ्यावर मिळाले तर सोडू नका.

नावं बदलतात हेही लक्षात ठेवा. 'रॉक मशीन' १९९३ मध्ये 'इंडस क्रीड' झाला, 'मेड्युसा' पुढे 'स्काय रॅबिट' झाला. दोन्ही नावांनी शोधलं नाही तर अर्धं काम निसटतं.

वंशावळ इथेही निघते. मुंबईच्या 'झीरो' या बँडमधला सिड कूटो पुढे 'टफ ऑन टोबॅको' करतो, वॉरेन मेंडोन्सा 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' करतो. हा वॉरेन म्हणजे शंकर-एहसान-लॉयमधल्या लॉय यांचा पुतण्या, तेव्हा हा धागा थेट तुमच्या ओळखीच्या सिनेसंगीतापर्यंत येतो. दिल्लीचा 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी' आता बऱ्यापैकी माहीत झालाय, पण त्यातल्या सूर्यकांत साहनीचा 'लिफाफा' आणि बाकीच्यांचा 'बेगम' अजून तितके माहीत नाहीत. पुण्याचे 'ईझी वाँडरलिंग्ज', मुंबईचे 'द लाइटइयर्स एक्स्प्लोड', कोलकात्याचे 'द सुपरसॉनिक्स': यातल्या कोणापासूनही दुसरी पायरी पुन्हा सुरू करा.

खोट्या बँडपासून सावध

२०२५ च्या जून-जुलैमध्ये 'द वेल्व्हेट सनडाउन' नावाच्या बँडचे स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांहून जास्त श्रोते झाले. मग उघड झालं की संगीत आणि छायाचित्रं सगळी कृत्रिम बुद्धिमत्तेनं तयार केलेली आहेत. आता असं बरंच येत राहणार. ओळखायची युक्ती आपल्याकडे आधीच आहे: भोवतालची माणसं शोधा. कुठे वाजवलं? मुद्रण कोणी केलं? आधीच्या कोणत्या बँडमधून ही मंडळी आली? कोणासोबत त्यांचं नाव पोस्टरवर आहे? घरात एकट्यानं काम करणाऱ्या कलाकाराचाही कुठेतरी मित्र, लेबल, आभाराची ओळ सापडते. काहीच सापडत नसेल तर पुढे चला.

ऐकायचं कसं, नोंद कशी ठेवायची

एक गाणं वीस सेकंद ऐकून निकाल देऊ नका. चार ट्रॅकच्या यंत्रावरच्या मुद्रणात टेपची खरखर असते, गाणाऱ्याचा आवाज मागे दबलेला असतो. पहिल्यांदा कानाला ते अपुरं वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी खरखरीची सवय होते आणि खालचं गाणं वर येतं. निदान एक ईपी तरी सलग, काहीही दुसरं न करता ऐका. ईपी छोटी असते, वीसेक मिनिटांत होते, म्हणून नवख्यांनी अल्बमआधी ईपीच घ्यावी. तरीही नाही आवडलं तर सोडून द्या. दुर्मीळ आहे म्हणून आवडून घ्यायची काही गरज नाही.

वही ठेवा. बँड, गाव, वर्ष, लेबल एवढं पुरे, पण एक रकाना मात्र चुकवू नका: हा बँड कुठून कळला. काही महिन्यांनी तो रकाना वाचला की आपल्याला सर्वांत चांगली नावं कोणाकडून मिळाली हे दिसतं. मग वेळ तिथेच घालवायचा.

पैसे आणि प्रत्यक्ष हजेरी

आवडलेलं विकत घ्या. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के वाटा ठेवतं आणि पैसे भरण्याचं शुल्क वजा जाता उरलेलं बँड किंवा लेबलकडे जातं. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटा सोडतं, त्या तारखा बघून खरेदी करा. आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड लागतं. परदेशातून तबकडी मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून किंमत सहज दुप्पट होते, तेव्हा आधी डिजिटल घ्या आणि खरंच जीव जडला तरच तबकडी. मुंबईत असाल तर माहीमच्या 'द रिव्हॉल्व्हर क्लब'मध्ये तबकड्या चाळता येतात आणि दुकानातल्या मंडळींशी बोलताही येतं.

आणि कार्यक्रमाला जा. लोअर परळचं 'अँटीसोशल' असो की पुण्याचं 'हाय स्पिरिट्स', तिकिटावरच्या वेळेला पोहोचा, कारण सुरुवातीला वाजवणाऱ्या बँडसाठीच तुम्ही गेलेले असता. कार्यक्रम संपल्यावर टी-शर्ट विकायला बँडचीच मंडळी टेबलाशी उभी असतात. टी-शर्ट घ्या आणि सरळ विचारा: तुमच्या गावातला कोणता बँड आम्ही ऐकायला हवा? या प्रश्नाचं उत्तर द्यायला संगीतकार नेहमी उत्सुक असतात, आणि बहुतेकदा ज्याचं नाव सांगतात तो दोन पावलांवरच उभा असतो.